लऊळचा कूर्मदास आणि केडगावचे बार्तिमी सदन

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव नावाचे एक लहानसे स्थानक लागते. त्यापुढे दौंड आणि दौंडच्याही बरेच पुढे कुर्डुवाडी. आषाढीस आगगाडीने निघणारे भाविक कुर्डुवाडीवरूनच पंढरीच्या वाटेस लागतात. या कुर्डुवाडीजवळ, माढे तालुक्यात, लऊळ हे गाव आहे आणि तेथे संत कूर्मदासांचे मंदिर आहे. केडगावी आहे ते पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. एक स्थान वारकऱ्यांचे, दुसरे ख्रिस्ती मंडळींचे. परंतु दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच उभा राहिला होता. ज्याला हात-पाय नाहीत, ज्याला डोळे नाहीत, त्याने देवाच्या दारी बसावे कोठे?

कूर्मदासांचे आख्यान महिपतीबुवांच्या भक्तिविजयामुळे आपल्या घराघरांत पोहोचले आहे. पैठणचा हा भक्त जन्मतःच हातापायांविना होता. पंढरीचा महिमा त्याच्या कानी पडला आणि हा मांसाचा गोळा लोळत लोळत पंढरीच्या वाटेस लागला. रोज कोसभर वाट सरावी, अंग सोलून निघावे आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी पुढे सरकावे. लऊळास पोहोचेतो एकादशी जवळ आली आणि देह थकला. पुढे जाणाऱ्या वारकऱ्यांजवळ त्याने देवाला निरोप धाडला की आता माझ्याने येववत नाही, तूच इकडे ये. आणि देव निघाला. ज्ञानदेव-नामदेवांना बरोबर घेऊन निघालेला हाच देव वाटेत अरणला सावता माळ्याच्या मळ्यात शिरला, हे आपण दुसऱ्या आख्यानात ऐकतो.

या कथेत एक गोष्ट घडत नाही, आणि श्रोत्यांचे तिकडे सहसा लक्ष जात नाही. देव लऊळास आला, त्याने कूर्मदासास आलिंगन दिले, परंतु त्यास हात-पाय दिले नाहीत. ज्या कर्तुमकर्तुम् समर्थाने एवढी वाट तुडवली त्याला ते अशक्य होते काय? कूर्मदासाने ते मागितलेही नाही. त्याला हवी होती भेट. आणि ती त्याच्या आहे त्या देहाला मिळाली. प्रस्तुत लेखकाच्या मते सर्व संतचरित्रांत हा प्रसंग असामान्य आहे. आंधळ्याला दृष्टी आली, मुका बोलू लागला, पंगू गिरी ओलांडून गेला, अशा चमत्कारांनी आपली आख्याने भरलेली असताना या एका ठिकाणी अपंग देह अपंगच राहतो आणि चालावे लागते ते देवाला.

आता केडगावकडे वळू. पंडिता रमाबाईंचे नाव काढताच अजूनही काही भाविक घरांत कपाळाला आठी पडते, हे लेखकास ठाऊक आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या १८५८ साली जन्मली. आईजवळ संस्कृत शिकली, आईवडिलांबरोबर तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडली, दुष्काळात त्यांना गमावून बसली आणि १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांकडून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरवली गेली. म्हणजे आम्हा पुराणिक-कीर्तनकारांच्याच कुळातली ही बाई. १८८३ साली तिने इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मुंबईत १८८९ साली काढलेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यात आले. तेथील मुली ख्रिस्ती होऊ लागल्याचा बोभाटा झाला, तेव्हा १८९३ साली रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनीही अंग काढून घेतले. तो वाद येथे उकरण्याचे प्रयोजन नाही. त्या काळचे पुणे कसे होते हे पंचहौद मिशनमधल्या १८९० च्या चहाने पुरेसे दाखवले आहे. जेथे एक पेला चहासाठी लोकमान्यांना आणि रानड्यांना प्रायश्चित्ताच्या फेऱ्यात सापडावे लागले, तेथे अनाथ, परजातीच्या, त्यातून आंधळ्या मुलीला पंगतीस कोण घेणार होते?

रमाबाईंच्या चरित्रातील एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्यांना स्वतःला ऐकू कमी येत असे. वैद्यक शिकण्याची आकांक्षा धरून त्या विलायतेस गेल्या, आणि या बहिरेपणामुळेच तो मार्ग त्यांना बंद झाला. मग चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या एकीकडे शिकल्या आणि दुसरीकडे संस्कृत शिकवू लागल्या. जिचे सारे बालपण श्रवणाने आणि पाठांतराने घडले तिचे कान तारुण्यातच मंद व्हावेत, यातले दुःख ज्याने मुखोद्गत विद्या केली आहे त्यालाच नीट कळेल.

१८९६ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून त्यांनी निराधार मुली गोळा करून आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगाची धास्ती. अधिकाऱ्यांनी या मुलींना शहरात ठेवू दिले नाही. म्हणून केडगावच्या शेतावर झोपड्या उभ्या राहिल्या आणि त्यांतून मुक्ती सदन वाढले. पाठोपाठ १८९९-१९०० चा तो भयंकर दुष्काळ आला, गुजराथेतून आणखी मुली आल्या आणि आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. उपासमारीने आलेल्यांत आंधळ्या होत्या, लुळ्या होत्या, मंदबुद्धी होत्या, वृद्धा होत्या. रमाबाईंनी वृद्ध-दुर्बळांसाठी प्रीती सदन केले, आणि अंधांसाठी बार्तिमी सदन. कन्या मनोरमाबाई अमेरिकेस गेल्या होत्या. तेथे अंधांना बोटांनी वाचावयास शिकवण्याची रीत त्यांनी शिकून घेतली आणि केडगावच्या अंध मुलींना ती विद्या दिली. ज्या हातांपुढे भिक्षापात्राखेरीज काही येण्याची शक्यता नव्हती, ते हात उठावाच्या टिंबांवरून फिरू लागले.

हे एकट्या केडगावचेच काम नव्हते. हिंदुस्थानातील पहिली अंधशाळा १८८७ साली अमृतसरला निघाली ती अ‍ॅनी शार्प या मिशनरी बाईंनी काढली. मुंबईत १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी दुष्काळातल्या अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. बहिऱ्या-मुक्या मुलांची मुंबईची शाळा त्याआधीची, १८८५ च्या सुमाराची. ती कॅथॉलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराची. ‘धर्म बाटवण्यासाठी हे सारे’ असे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण ती मंडळी आपला हेतू लपवीत नव्हती. परंतु ज्या मुलाला दाराबाहेर ठेवले त्याला दुसऱ्याने घरात घेतले, तर तक्रार करण्याचा अधिकार पहिल्याकडे किती उरतो? आपल्याकडेही पुढे माणसे उठली. पुण्यात १९३४ साली अंधशाळा निघाली, अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारले, वरोड्यास बाबा आमट्यांनी आनंदवन फुलवले. काळाच्या हिशेबात मात्र आपण उशिरा जागे झालो.

बार्तिमी हे नाव कोठून आले? शुभवर्तमानात यरीहो नगराच्या रस्त्याकडेला बसून भीक मागणारा बार्तिमय नावाचा एक आंधळा आहे. येशू तेथून जात असता तो ओरडून त्याला हाका मारू लागतो, आणि गर्दीतले लोक त्याला दटावतात, गप्प बसवू पाहतात. तो अधिकच मोठ्याने ओरडतो. शेवटी येशू थांबतो, त्याला बोलावून घेतो आणि त्याला दृष्टी येते. यातले दृष्टी येणे क्षणभर बाजूला ठेवू. दटावणारी गर्दी कोणती? ती देवाच्या मागे चाललेली, भाविकांचीच गर्दी आहे. कोणत्याही क्षेत्राच्या ठिकाणी, कोणत्याही उत्सवाच्या दिवशी ही गर्दी आपल्याला भेटेल. आंधळा, पांगळा महाद्वाराबाहेर पायरीशी बसलेला असतो. आपण त्याच्या ताटलीत नाणे टाकतो, पुण्य गाठीस बांधतो आणि आत जातो. तोही दर्शनासाठी आला असेल, ही कल्पना आपल्याला शिवत नाही. दान देताना त्याला जागा द्यावयाची राहून जाते.

याच ग्रंथात दुसरी एक कथा आहे. एका पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी बाजेवर घालून आणले. घरात दाटी, दारातून शिरता येईना. तेव्हा त्या चौघांनी छपरावर चढून छप्पर उसकले आणि बाज खाली सोडली. घरमालक काय म्हणाला ते ग्रंथकाराने लिहिलेले नाही! देवळाला उतरण करावयाची म्हटले की दगडी पायरीच्या प्राचीनतेची आठवण होणाऱ्या विश्वस्त मंडळींनी या चौघांची कथा एकवार ऐकावी.

परंतु ख्रिस्ती मंडळींचाही इतिहास सरळ नाही, आणि तो सांगितल्यावाचून राहणे न्यायाचे होणार नाही. यहुद्यांच्या लेवीय ग्रंथात नियम आहे की याजककुळात जन्मलेला असला तरी आंधळा, लंगडा किंवा व्यंग असलेला मनुष्य वेदीजवळ जाऊ शकणार नाही. नैवेद्याचा वाटा मात्र त्याला मिळेल. रोमन चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेनेही शारीरिक व्यंग हे धर्मगुरुपदास बाधक धरले होते. १९८३ च्या नव्या संहितेत ते कलम उरले नाही. २०२४ साली केरळात त्रिशूर येथे जोसेफ तेरमाडम या जन्मतः बधिर असलेल्या तरुणास धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली, आणि ती मिळणारा तो भारतातला पहिला बधिर ठरला. इतका काळ लागला.

आपल्या स्मृतींत याहून वेगळे काय आहे? मनूने जन्मांधास आणि बधिरास वारसाहक्कातून वगळले आणि लागलीच पुढे त्यांचे अन्नवस्त्र चालवण्याचे कर्तव्य वारसदारावर घातले. श्राद्धाच्या पंक्तीतूनही व्यंग असलेल्यास दूर ठेवले. त्याच मनूने हीनांगाचा व्यंगावरून अधिक्षेप करू नये असेही बजावले आहे. लेवीय आणि मनू, दोघांचे म्हणणे जवळजवळ एकच: जेवू घाला, पण जवळ बसवू नका. वारसाहक्काचा तो निर्बंध १९२८ च्या कायद्याने बराचसा सैल झाला आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पुरता गेला. धर्मशास्त्राचा अभ्यासक या नात्याने लेखकास एवढेच म्हणावयाचे आहे की स्मृतीतली ही वचने बदलली म्हणून धर्म बुडाला नाही.

कायद्याहून खोल गेलेली गोष्ट निराळीच आहे. घरात व्यंग असलेले मूल जन्मले की शेजारीपाजारी दबक्या आवाजात पूर्वजन्मीच्या पापाची चर्चा सुरू होते. शुभवर्तमानात नेमका हाच प्रश्न शिष्य विचारतात: हा जन्मांध, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू उत्तर देतो की याचेही नाही आणि त्यांचेही नाही. कर्मसिद्धान्त आपल्या दर्शनांचा कणा आहे आणि तो सोडा असे सांगण्यास लेखक आलेला नाही. पण तो सिद्धान्त साधकाने स्वतःच्या जीवनाकडे पाहण्यासाठी आहे. शेजारणीच्या पाळण्यात डोकावून निवाडा देण्यासाठी नव्हे. कर्माची गती गहन आहे असे भगवंताने गीतेत सांगितल्यावर, शेजारच्या मुलाच्या पायांवरून त्याचे मागचे सात जन्म वाचू शकणारे आपण कोण?

अंधाला कीर्तन ऐकू येते, पांगळ्याला टाळ वाजवता येतो. बधिराचे काय? नवविधा भक्तीत श्रवण पहिले. ख्रिस्ती परंपरेतही श्रद्धा ऐकण्याने येते अशा अर्थाचे पौलाचे वचन आहे, आणि त्यावरून कित्येक शतके तिकडे असे मानले गेले की बहिऱ्याला श्रद्धा कशी लाभणार? अठराव्या शतकात पॅरिसमध्ये ल’एपे नावाच्या एका धर्मगुरूला दोन बहिऱ्या बहिणी भेटल्या. त्यांना धर्माचे ज्ञान व्हावे या तळमळीने तो त्यांच्याच हातवाऱ्यांची भाषा शिकला आणि त्यातून जगातील बधिरांच्या एका मोठ्या शाळेची उभारणी झाली. गुरूने शिष्याची भाषा शिकावी, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. गीर्वाणवाणी ज्यांना परकी होती त्यांच्यासाठी ज्ञानदेवांनी गीता मराठीत आणली. मग ज्यांना कोणताच शब्द ऐकू येत नाही त्यांच्यासाठी हातांच्या भाषेत निरूपण का होऊ नये? पूर्वरंग कठीण जाईल हे खरे. आख्यान मात्र, लेखकाचा अनुभव सांगतो, निम्मे हातांनी आणि डोळ्यांनीच रंगते.

सर्वांत कठीण प्रश्न याहून पुढचा आहे, आणि तो लेखकास एका माउलीने विचारला. उत्सवातील कीर्तन आटोपले होते. ती आपल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन मंडपाच्या अगदी कडेला बसलेली होती. मुलगा मधूनच मोठ्याने आवाज करी, मग ती त्याच्या तोंडावर पदर धरी. बुक्का लावून घेण्यास आली तेव्हा म्हणाली, ‘बुवा, ह्याला कळत काही नाही. नाम घेता येत नाही. देवाच्या लेखी ह्याची भक्ती धरतात का हो?’

अशा वेळी जडभरताचे आख्यान आठवावे हे साहजिक आहे. भागवतातील तो जडभरत, ज्याला लोक मूढ, मुका समजत; ज्याला राजा रहूगणाने पालखीस जुंपले, टाकून बोलला आणि शेवटी पालखीतून उतरून ज्याचे पाय धरले. पण ते आख्यान त्या माउलीला सांगणे म्हणजे तिची समजूत घालून वाटेला लावणे झाले असते. जडभरत आतून ज्ञानी होता, जडत्वाचे त्याने सोंग घेतले होते. तिच्या मुलाचे सोंग नव्हते. त्याला खरोखरच कळत नव्हते, आणि तिचा प्रश्न त्या न कळण्याबद्दलच होता.

ख्रिस्ती मंडळींत हा प्रश्न पवित्र भाकरीच्या वेळी उभा राहतो. ही साधी भाकर नव्हे, एवढे समजल्याखेरीज ती मुलाला देऊ नये अशी तिकडची शिस्त. तेव्हा ज्या मुलाची बुद्धी वाढलीच नाही त्याचे काय करावे यावर तेथे पुष्कळ खल झाला. कित्येक आईबाप आपले मूल घेऊन वर्षानुवर्षे मागच्या बाकावर बसून राहिले. फ्रान्समध्ये अशाच दोन मतिमंद मुलांच्या आईबापांना यात्रेत सामील होताना नकार पचवावा लागला, आणि त्याचे उत्तर म्हणून १९७१ च्या ईस्टरला लूर्द या तीर्थी हजारो मतिमंद मुले-माणसे आपल्या आप्तांसह यात्रेस गेली. तिकडची ही वारीच म्हणावयाची. आपल्याकडे प्रसाद देताना बुद्धीची परीक्षा कोणी घेत नाही, ही आपल्या रीतीची थोरवी आहे. परंतु प्रसादाचा द्रोण हाती येईपर्यंत मंडपात बसू दिले गेले पाहिजे, आणि तेथे शेजारच्या कपाळावरील आठ्यांची परीक्षा द्यावी लागते.

दुसरीकडून आणखी एक काच असतो. ‘नवस बोला, बरा होईल,’ ‘अमक्या बाबांकडे न्या,’ असे सांगणारे हितचिंतक त्या माउलीला रोज भेटत असणार. चर्चमध्येही रोगमुक्तीच्या प्रार्थनासभा भरतात आणि बरे न झालेल्याची श्रद्धा उणी ठरते. अमेरिकेत नॅन्सी आयस्लँड ही जन्मतः अस्थिव्यंग असलेली विदुषी होऊन गेली. स्वर्गात तरी तू धडधाकट होशील, हे सांत्वन तिला पटत नसे. १९९४ साली ‘द डिसेबल्ड गॉड’ या ग्रंथात तिने दाखवून दिले की पुनरुत्थित ख्रिस्त शिष्यांना भेटला तो हातापायांवरच्या जखमांसह. त्या जखमा पुसल्या गेल्या नव्हत्या. हे वाचताना लऊळ आठवल्यावाचून राहत नाही. तिकडे देवाने स्वतःच्या अंगावरचे व्यंग राखले, इकडे भक्ताच्या अंगावरचे. आणि भेट झाली.

या पुण्यनगरीतच २० सप्टेंबर १९१५ रोजी वऱ्हाडातील माधानच्या गुलाबराव महाराजांनी देह ठेवला. नऊ महिन्यांचे असताना त्यांची दृष्टी गेली होती. चौतिसाव्या वर्षापर्यंतच्या आयुष्यात संस्कृत, मराठी, हिंदी मिळून शंभराहून अधिक ग्रंथ त्यांच्या मुखातून उतरले, आणि लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणू लागले. त्यांची थोरवी निर्विवाद आहे. मात्र महाराजांना कोणीतरी ग्रंथ वाचून दाखवीत होते, कोणीतरी त्यांचे शब्द लिहून घेत होते, हेही विसरता येत नाही. आजकाल अपंगांस दिव्यांग म्हणण्याचा प्रघात २०१५ पासून पडला आहे. शब्द संस्कृत आहे, कानाला गोड आहे. लेखकास मात्र त्यात धोका वाटतो. प्रत्येक अंधाने प्रज्ञाचक्षू असले पाहिजे अशी अट पडली, तर साध्या अंधाने जावे कोठे? त्याला दिव्य काही नको असते. त्याला मंडपातल्या सतरंजीवर इतरांसारखी जागा हवी असते, आणि एखाद्याने हात धरून तेथवर न्यावे एवढेच हवे असते.

त्या माउलीला लेखकाने कूर्मदासाचीच गोष्ट सांगितली, आणि सांगितले की एवढी वाट लोळत येणाऱ्याला देवाने विचारले नाही की तुला किती कळते. ती म्हणाली, ‘पण बुवा, कूर्मदासानं निरोप तरी धाडला होता. ह्याला तेही येत नाही.’ मग थोडे थांबून तीच म्हणाली, ‘ह्याचा निरोप मीच घेऊन आले म्हणायचं.’

उत्सवाच्या उरलेल्या दिवशी ती दोघे मृदंगाजवळ बसली. मृदंग वाजू लागला की मुलगा तळहात जमिनीवर सपाट टेकवून ठेवी. आवाज तो अजूनही करी. पहिल्या दिवशी दोन-चार माना वळल्या, तिसऱ्या दिवशी वळल्या नाहीत.